दहापैकी पाच

मुद्दाम नापास होणं वाटतं तितकं सोपं नसतं. केलेपी लोलोहेआ आठ वर्षं ते करत आला होता, आणि अगदी मन लावून करत आला होता.

हॅमिल्टनच्या ज्या क्लबातून तो रग्बी खेळायचा, तिथे दर जानेवारीत, मोसमाआधी, प्रत्येक खेळाडूच्या डोक्याची परीक्षा व्हायची. दहा शब्द ऐकायचे आणि परत म्हणून दाखवायचे. महिने उलटे म्हणायचे. डोळे मिटून एका पायावर उभं राहायचं. पुढे सामन्यात डोक्याला मार बसला, की आत नेऊन पुन्हा असलेच शब्द आणि असलेच महिने. जानेवारीपेक्षा गुण घसरले की खेळाडू बाहेर, आणि मग पुढचे कित्येक आठवडे बाहेरच.

यातली मेख कर्णधार हेमीने त्याला पहिल्याच वर्षी समजावली होती. "भावा, उगाच हुशारी दाखवू नकोस. आत्ता दहाच्या दहा म्हणालास तर जूनमध्ये कुठून आणशील? पाच म्हण. मग ट्रकने उडवलं तरी पाच येतात."

केलेपीला दहा शब्द म्हणजे डाव्या हातचा मळ. लहानपणी टोंगात, हापाई बेटांवरच्या चर्चमध्ये, मे महिन्यातल्या मुलांच्या रविवारी त्याने बायबलचं अख्खं प्रकरण न अडखळता म्हटलं होतं. पहिल्या बाकावर बसलेली त्याची आई तेव्हा हमसून रडली होती. असा हा माणूस परीक्षा घेणाऱ्या ब्रॉनविनसमोर बसून पहिला, तिसरा, पाचवा असे शब्द सोडून सोडून म्हणायचा, आणि मधले तोंडावर आले तरी गिळायचा. वर डोकंही खाजवायचा. नाटकात हातखंडा झाला होता त्याचा.

मागच्या जुलैत समोरच्या गड्याचा गुडघा त्याच्या कानशिलावर बसला. आत नेलं, पाच शब्द म्हणाला, परत आला आणि शेवटच्या मिनिटाला रेषेपलीकडे चेंडू टेकवून सामना जिंकून दिला. गावभर कौतुक झालं. दुसऱ्या दिवशी त्याने ते फोनवर पाहिलं तेव्हा त्याला दरदरून घाम फुटला, कारण त्यातलं काही म्हणता काही त्याला आठवत नव्हतं.

हे त्याने बायकोला, सेइनीला, सांगितलं नाही. पण नाताळात बहिणीच्या घरी जाताना तो एकाच वळणावर दोनदा चुकला, आणि सेइनीने त्याच रात्री सगळं वदवून घेतलं.

"म्हणजे आठ वर्षं तू त्यांच्या डोळ्यांत धूळ फेकतोयस?"

"सगळेच फेकतात."

"सगळ्यांशी मी लग्न नाही लावलेलं. यंदा खरे गुण द्यायचे. मार बसला तर ते बाहेर काढतील. मला तेच हवंय."

त्याने कबूल केलं. काय करणार? घरात सेइनीपुढे त्याचं काही चालायचं नाही.

परीक्षेच्या दिवशी त्याला एकच धास्ती होती. पाचावरून एकदम दहावर उडी गेली तर ब्रॉनविनला संशय येणार. बारा वर्षं ती क्लबात दुखऱ्या गुडघ्यांची मालिश आणि डोक्यांची परीक्षा करत होती, तिला कोण बनवणार? त्याने कारण तयार ठेवलं होतं: बिअर सोडली, झोप छान लागते.

ब्रॉनविनने दहा शब्द वाचले. केलेपीने म्हटले. इतक्या वर्षांनी गिळागिळी न करता बोलताना त्याला फार बरं वाटलं. महिने डिसेंबरपासून खाली घडाघडा म्हटले. एका पायावर जरा डुगडुगला, पण उभा राहिला. शेवटी तिने तेच शब्द पुन्हा विचारले. या वेळी त्याने बोटांवर मोजले आणि दहाही बोटं मिटली.

"झोप छान लागते हल्ली," तो म्हणाला.

"बरं आहे." ब्रॉनविनने बेरीज केली. "पाच."

"काय पाच?"

"दहापैकी पाच. 'खिडकी' तीनदा म्हणालास. होडी, मीठ आणि घंटा मी म्हटलेच नव्हते, ते तू घरून आणलेस. महिन्यांत जुलैवरून परत ऑगस्टवर चढलास." ती हसली. "तोंड कशाला पाडतोस? तुझे दरवर्षी एवढेच असतात. बाकीच्यांचे गुण वरखाली होतात, तुझे जागचे हलत नाहीत. कर सही."

आधीचे पाच खोटे होते आणि आजचे खरे, हे कागदावर कुठेच नव्हतं. कागद म्हणत होता की गडी ठणठणीत आहे. शुक्रवारी दोन वर्षांचा नवा करार व्हायचा होता. एक वाक्य बोलला असता तर सगळं तिथेच थांबलं असतं. त्याने सही केली.

सेइनी अर्धी रजा टाकून त्याच्याबरोबर आली होती आणि बाहेर गाडीला टेकून उभी होती.

"खरे दिलेस?"

"देवाशपथ, खरे दिले."

"मग किती?"

"पाच."

तिचा चेहरा त्याला बघवेना.

"नाटक न करता पाच?"

त्याने मान हलवली.

"आत चल. आधीचे खोटे होते हे आत्ताच्या आत्ता सांगायचं."

"सेइनी, एवढा एक मोसम खेळू दे. मग सोडतो, खरंच."

"हे तुझंच ठरलेलं आहे, केलेपी. मी नाही तुला गळ घातली. येताना पुलावर तूच गाडी बाजूला घेतलीस, माझा हात धरलास आणि म्हणालास, आज शब्द चुकले तर मी खेळणं सोडतो, करार गेला खड्ड्यात. रडलास तू." तिचा आवाज कापत होता. "आठवतंय ना?"

तिला कधी खोटं बोलता यायचं नाही, ही त्याची नेहमीची थट्टा होती. पूल त्याला आठवत होता. पुलावरचं ऊनही आठवत होतं.

"हो, आठवतंय की," केलेपी म्हणाला आणि तिच्यामागून आत निघाला. गाडी थांबवल्याचं त्याला आठवत नव्हतं.