काळ्या कोतवालाची काठी

मित्रांनो, मी एक जुनी काठी आहे, पण माझा जन्म चालण्यासाठी झाला नव्हता. सुताराने मला शिसवी लाकडातून घडवलं, टोकाला पितळी टोपण बसवलं आणि रेडिओ केंद्रात पोचवलं, ते फक्त आवाज करण्यासाठी. तिथे दर रविवारी 'काळा कोतवाल' ही मालिका लागायची. अडल्यानडलेल्यांच्या मदतीला काळा कोतवाल धावून यायचा आणि त्याच्या आधी माझा ठोका यायचा. तो ऐकून चोरांची पाचावर धारण बसे. मीही जरा भाव खात असे, खोटं कशाला बोलू?

कोतवालाचं काम करणारा नट अंगाने अगदी काडीपैलवान होता. रस्त्यात त्याला कुणी ओळखत नसे. पण दुकानात त्याने "अर्धा किलो कांदे द्या" म्हटलं, की अख्खी रांग मागे वळून पाही. त्याचा आवाज भारदस्त नव्हता बरं का! बारीक, किंचित घोगरा आणि मायाळू होता. म्हणूनच लहान मुलं कोतवालाला घाबरत नसत.

पुढे मालिका संपली. केंद्रात टेपांचा तुटवडा होता, म्हणून तिच्या टेपांवर दुसरेच कार्यक्रम भरले गेले. एकही भाग उरला नाही. मी भंगारात निघाले होते, पण नटाने मला मागून घेतलं आणि घरी नेलं. मग त्याच्या घशाचं ऑपरेशन झालं आणि आवाज कायमचा गेला. गुडघेही कुरकुरू लागले, तेव्हा माझ्या टोकावर रबरी बूट चढवून तो मला टेकत चालू लागला. असा माझाही आवाज बसला.

त्याची नात यानंतर जन्मली. "आई, आजोबांचा आवाज कसा होता गं?" हा तिचा एकच धोशा. आई नक्कल करून पाही, पण ती काही जमत नसे.

"कसं सांगू तुला? ऐकायलाच हवा होता गं," एवढंच ती म्हणे.

एके दिवशी काळ्या कोतवालावर सिनेमा आला. लहानपणी ती मालिका कान देऊन ऐकणाऱ्या एका दिग्दर्शकाने तो काढला होता.

"कोतवालाला नाचायला लावलं नाही म्हणजे मिळवली," आई म्हणाली.

पण पडद्यावर सगळं जसंच्या तसं होतं. मालिकेत वर्णन केलेली तीच टोपी, जुन्या संहितेतले तेच संवाद, आणि चेहरा शेवटपर्यंत अंधारात, कारण रेडिओवर तो कुणी पाहिलाच नव्हता. आजोबा प्रत्येक वाक्याला ओठ हलवत होते. चोर दार लावून हसू लागला, तेव्हा त्यांनी नकळत मला जमिनीवर आपटलं, आणि नेमका त्याच क्षणी पडद्यावरही ठोका पडला.

"ओ काका, काठी सांभाळा की!" मागून कुणीतरी खेकसलं.

आजोबांचे खांदे हसून हसून हलत होते. इतकं खूश मी त्यांना कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं.

फक्त आवाज वेगळा होता. पडद्यावरचा नट खोल, भरदार आवाजात बोलत होता. मूळ आवाज कुठे उरलाच नव्हता, तर तो बिचारा तरी आणणार कुठून?

जिना उतरताना नातीने विचारलं, "आजोबा, तुमचा आवाज अस्साच होता?"

त्यांची मूठ माझ्यावर आवळली. आई काही बोलणार, तोच त्यांनी होकाराची मान हलवली. नात उड्या मारत खाली गेली. ते मात्र सगळा भार माझ्यावर टाकून तिथेच उभे राहिले. मला फार वाईट वाटलं.

आता आजोबा नाहीत. मी दारामागे उभी असते. नात मैत्रिणींना मोबाइलवर तो सिनेमा दाखवते आणि अभिमानाने सांगते, "ऐका, माझे आजोबा असे बोलायचे." तिची आई आत निघून जाते. खरं सांगावं असं मला फार वाटतं, पण मला कुठलं तोंड?

मित्रांनो, घरातली माणसं बोलताहेत तोवर त्यांचा आवाज जपून ठेवा. मोठं भाषण नको. 'जेवायला चला', 'दार लावून घे', एवढंही पुरे. नातीजवळ तिच्या आजोबांचं तेवढंसुद्धा नाही.