हातात पिशवी नव्हती

मंडळी, एक साधा प्रश्न विचारतो. तुमच्या आईला रस्त्यावरून रिकाम्या हाताने चालताना तुम्ही शेवटचं कधी पाहिलंत? हातात पिशवी नाही, डबा नाही, कडेवर मूल नाही, देवाला वाहायची फुलंसुद्धा नाहीत. नुसती चालते आहे, चालावंसं वाटलं म्हणून. सावकाश आठवा, घाई नाही. मला स्वतःला आठवेना, म्हणून ही गोष्ट सांगायला बसलो.

नौपाड्यातल्या एका चाळीत दुसऱ्या मजल्यावर परबांचं बिऱ्हाड. परशुराम परब एका कारखान्यात टाइमकीपर, घरात त्यांची आई रमाबाई आणि बायको कलावती. कलावती मुलींच्या शाळेत शिवण शिकवायची. तिचा वर्ग तिसऱ्या मजल्यावर होता. लहानपणी कोकणात तिला ताप येऊन सांधे धरले होते आणि त्या तापाने जाता जाता हृदयाची एक झडप नासवून ठेवली. तिशी ओलांडल्यावर ती झडप इतकी आखडली की जिन्याच्या चौथ्या पायरीवर बाईंना थांबावं लागे. शेवटी अडतिसाव्या वर्षी, १९९२ च्या फेब्रुवारीत, मुंबईच्या एका मोठ्या हॉस्पिटलात छाती उघडून झडप बदलली. ऑपरेशन उत्तम झालं.

त्याच हॉस्पिटलात डॉ. पाठारे नावाचे तरुण डॉक्टर एक अभ्यास करत होते. झडप बदललेला माणूस रोज नेमाने चालला तर किती लवकर सावरतो, हे त्यांना मोजायचं होतं. साठ पेशंट निवडले होते, त्यांत कलावती एक. प्रत्येकाला बारा आठवड्यांची वही दिली होती. सपाट रस्त्यावर रोज पंचवीस मिनिटं, मध्ये न थांबता चालायचं आणि वहीत लिहायचं. नाही चाललात तर कारणाच्या रकान्यात खूण करायची. कारणं छापलेलीच होती: दम लागला, छातीत दुखलं, पाय सुजले, इतर. वर एक ताकीद होती. छातीचं हाड सांधेपर्यंत, म्हणजे तीन महिने, दोन किलोच्या वर काही उचलायचं नाही.

"बारा आठवड्यांनी तुमची चाचणी घेऊ," डॉक्टर म्हणाले. "सहा मिनिटांत चारशे मीटर चाललात, तर तीन जिने चढायला हरकत नाही असं मी लिहून देईन."

तो कागद कलावतीला हवाच होता. शाळेने स्पष्ट कळवलं होतं की पंधरा जूनला दाखला घेऊन हजर व्हा, नाहीतर जागा भरू. घरात सगळ्यांचं मत एकच होतं, की आता नोकरी पुरे. "एवढं मोठं दुखणं काढलंस, आता घरात बस," असं रमाबाई मायेनेच म्हणत. पण पंधरा वर्षं मुलींना काजं-बटणं शिकवलेल्या बाईला घरात बसायचं नव्हतं. ती तिची नोकरी होती, तिच्या हिमतीवर मिळवलेली.

पहिल्या दिवशी ती सकाळी साडेसहाला निघाली. जिन्याशीच शेजारच्या दगडाबाई भेटल्या.

"काय वहिनी, काय आणायला निघालात?"

"काही नाही. चालायला."

"चालायला? कुठे?"

"कुठे नाही. नुसतं चालायला."

दगडाबाईंनी असं पाहिलं की जणू वहिनींच्या छातीबरोबर डोक्याचंही ऑपरेशन झालं असावं. कोपऱ्यावर दूधवाल्याने तेच विचारलं. वाण्याने विचारलं. ती परत येण्याआधी बातमी घरी पोचली.

"बाईमाणसाने असं मोकाट फिरायचं?" रमाबाई म्हणाल्या. "चालायचं तर गॅलरीत चाल की!"

गॅलरी बावीस पावलांची. त्यात तीन बादल्या, दोन शेगड्या आणि वाळत घातलेले पापड. तिथे पंचवीस मिनिटं न थांबता चालून दाखवणाऱ्याला मी स्वतः हार घालीन.

मग कलावतीने युक्ती काढली. खुंटीवरची पिशवी घेतली आणि निघाली. आणि काय सांगू, जादू झाली! कोणी काही विचारेना. दगडाबाईंनी तर कोथिंबिरीचा भाव सांगितला. पण पिशवी रिकामी कशी परत येणार? रमाबाई यादी देऊ लागल्या. बटाटे, कांदे, नारळ, रवा. प्रत्येक दुकानाशी थांबायचं, म्हणजे न थांबता चालणं संपलं. शिवाय परतताना हाताला पाच किलोचं ओझं. ज्या बाईला दोन किलो उचलायला बंदी, तिला रस्त्यावर पाऊल टाकायची परवानगी मिळायची तर पाच किलो उचलावे लागत होते. म्हणजे आजार बरा करणारं चालणं आणि सांधत आलेलं हाड मोडणारी पिशवी, दोन्ही एकाच हातात!

एके दिवशी छातीत अशी कळ आली की ती एका दुकानाच्या पायरीवर मटकन बसली. चेंदणी कोळीवाड्यातली आवडाबाई पाटी घेऊन तिथूनच चालली होती. गेली वीस वर्षं ती परबांकडे मासे घालायची. तिने कलावतीच्या हातातली पिशवी काढून घेतली.

"टीचरबाय, छाती शिवलीय नं तुजी? मंग हे दगड कंला उचलतंस?"

कलावतीने सगळं सांगितलं. आवडाबाईने पिशवी आपल्या पाटीत टाकून ती घरापर्यंत पोचवली.

दुसऱ्या दिवसापासून कलावतीने पिशवी घेतली नाही आणि घरच्यांनी तिला बाहेर सोडलं नाही. वहीत रोज ती 'इतर'वर खूण करी आणि पुढे खरं ते लिही: हातात पिशवी नव्हती.

सहाव्या आठवड्यात तपासणी होती. बाकावर शेजारी डोंबिवलीचे चांगदेवराव बसले होते, रिटायर्ड गृहस्थ, त्यांचीही झडप बदललेली. त्यांची वही पहिल्या पानापासून भरलेली होती. "आमच्याकडे सगळे विचारतात, काय चांगदेवराव, फिरायला? मी म्हणतो हो! मजा येते हो चालायला." कलावती ऐकत राहिली. यांना विचारतात 'फिरायला?' आणि मला विचारतात 'काय आणायला?'

चाचणीत ती सहा मिनिटांत तीनशे दहा मीटर चालली आणि भिंतीला टेकून उभी राहिली. डॉक्टरांनी वही चाळली.

"परबबाई, हे काय लिहिलंय? गंमत केलीत का?" मग उसासा टाकून ते म्हणाले, "तुमच्या एकटीचं नाही. बहुतेक बायकांच्या वह्या चौथ्या आठवड्यापासून कोऱ्या आहेत. मला तर निष्कर्षात लिहावं लागणार, की स्त्रियांमध्ये चिकाटी कमी पडते."

"चिकाटी!"

बाहेरच्या बाकावरच्या माणसांनीही दचकून आत पाहिलं.

"डॉक्टर, चौथ्या पायरीवर धाप लागत असताना मी सात वर्षं तीन जिने चढले. रोज! पायरीवर बसायचे, उठायचे, पुन्हा चढायचे. आणि मला चिकाटी नाही? तुमच्या वहीत दम लागायला रकाना आहे, पाय सुजायला आहे. घरचे अडवतात, शेजारचे विचारतात, त्याला रकाना कुठाय? आजारी आम्ही नाही, रस्ता आजारी आहे! लिहा हे तुमच्या निष्कर्षात. नाहीतर माझी वही मला परत द्या. खोटं शास्त्र करायला मी माझी छाती उघडू दिली नाही!"

डॉ. पाठारे यांनी पेन तिच्यापुढे सरकवलं. "तुम्हीच लिहा बाई. रकाना आखून द्या." तिने पट्टी घेऊन सरळ रेघ मारली, शिवणाच्या बाईची रेघ, आणि वर लिहिलं: लोकांनी अडवलं.

"कागद मी बदलेन," डॉक्टर म्हणाले. "पण उरलेले सहा आठवडे तुमच्याऐवजी मी चालू शकत नाही."

"तुम्हाला कोणी सांगितलंय?" असं म्हणून कलावती घरी आली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने चपला घातल्या. परशुराम दाढी करत होते. स्वभावाने माणूस गरीब, पण भांडण टाळण्यातच त्यांची सगळी हुशारी जायची.

"अगं, पिशवी घे ना. रिकामीच घे. काय जातं तुझं?"

"जातं," ती म्हणाली. "चालते मी आणि सांगायचं काय, तर कोथिंबीर आणते? माझ्या श्वासासाठी मी खोटं बोलणार नाही."

"मोकाट सुटली ही!" आतून रमाबाई ओरडल्या.

"मोकाट गुरं असतात, आई. मी चालायला निघालेय."

आणि ती निघाली. दगडाबाईंनी विचारलं, "काय आणायला?" तिने सांगितलं, "काही आणायला नाही. चालायला." दूधवाल्याला तेच, वाण्याला तेच. तलावपाळीवर पोचायची, मासुंदा तलावाला पूर्ण फेरी मारायची आणि परत यायची. रोज तोच प्रश्न, रोज तेच उत्तर. आठ दिवसांनी वाण्याने विचारणं सोडलं. पंधरा दिवसांनी दूधवाल्याने. दगडाबाईंनी मात्र सोडलं नाही, त्यांचीही चिकाटी मानली पाहिजे. चाळीत कुजबुज वाढली, परशुरामांना कोणी कोणी हसून विचारू लागलं, आणि रमाबाईंनी सुनेशी बोलणं टाकलं.

अशातच एका सकाळी आवडाबाईने दारात पाटी उतरवली. कलावती चालायला गेली होती. रमाबाईंनी मनातली सगळी वाफ तिच्यापुढे काढली. आवडाबाईने ऐकून घेतलं.

"रमाबाय, येक सांगू? मना कोन विचारीत नाय आवडे कुटं चालली. का? तं डोक्यावर पाटी हाय. माजा नवरा धाकू गेला नं, तवा मना नुसतं खाडीवर जाऊन बसावं वाटायचं. पन रिकामी बाय खाडीवर कंला गेली, लोक बोलतील. म्हनून मी पाटी घेऊन जायची. पाटीत येक बोंबील नाय! नवऱ्यासाटी रडाया जायचं तं पन पाटी पायजे!"

रमाबाईंच्या हातातलं ताट तसंच राहिलं.

"पाटी म्हंजे आपला पास, रमाबाय. तुजी पिशवी पन पासच. पास दाखवल्याबिगर बाईला रस्ता नाय. तुजी सून बिनपासाची चालते, तर तू तिलाच धरतंस? आगो, तिची छाती फाडून तिला परत आनलीय. ती काय गॅलरीत पापड राखाया?"

त्या दिवशी रमाबाईंनी पहिल्यांदा भाव न करता मासे घेतले. संध्याकाळी भाकरी थापता थापता त्यांनी सुनेला विचारलं, "त्या तलावाला पूर्ण फेरी मारायला किती वेळ लागतो गं?"

"तुमच्या चालीने अर्धा तास, आई."

"चाळीस वर्षं मी त्याच्या कडेने बाजारात जातेय. पलीकडची बाजू कधी बघितलीच नाही."

कलावतीचे डोळे भरून आले. "उद्या माझ्याबरोबर चला," ती म्हणाली.

सकाळी दोघी निघाल्या. दारातून बाहेर पडताना रमाबाईंचा हात सवयीने खुंटीकडे गेला. पिशवीला लागला आणि तिथेच थांबला. मग त्यांनी तो खाली घेतला. पण त्या रिकाम्या हातांचं करायचं काय, हेच त्यांना कळेना! आधी पदर धरला, मग हात मागे बांधले, मग ते नुसते सोडून दिले. जिन्याशी दगडाबाई उभ्याच होत्या.

"अगबाई, रमाबाई, तुम्हीसुद्धा? काय आणायला?"

"काही आणायला नाही!" रमाबाई कडाडल्या. "चालायला चाललोय. आणि तुम्हाला काही हवं असेल तर तुमचं तुम्ही आणा!"

बारा जूनला कलावती हॉस्पिटलाच्या त्या लांब व्हरांड्यात सहा मिनिटांत चारशे छत्तीस मीटर चालली. भिंतीला टेकली नाही. डॉक्टरांनी दाखल्यावर सही केली आणि शेजारी नव्या वह्यांचा गठ्ठा होता, त्यातली एक उघडून दाखवली. कारणांच्या यादीत पाचवं कारण छापलेलं होतं: लोकांनी अडवलं. चिकाटीचं वाक्य त्यांनी खोडलं होतं. पंधरा जूनला सकाळी शिवणाच्या बाई तिसऱ्या मजल्यावर हजर होत्या.

तेव्हा नागरिकहो, झडप बदलणारे डॉक्टर आपल्याकडे आहेत, औषधं आहेत, अभ्यास करणारी माणसंही आहेत. पण पेशंट बाई असली की तिचं अर्धं औषध रस्त्यावर असतं, आणि त्या रस्त्यावर पहारा आपला असतो. उद्या सकाळी एखादी बाई रिकाम्या हाताने चालताना दिसली, तर "काय आणायला?" असं विचारू नका. तिला वाट द्या. ती आपलं आयुष्य परत आणायला निघाली असेल, किंवा कशालाच निघाली नसेल. दोन्हीचा तिला सारखाच हक्क आहे.

आणि तुमच्या घरातल्या खुंटीवरची पिशवी कधीतरी तुम्ही उचला. परबांकडे ती आता परशुराम नेतात. पहिल्याच दिवशी त्यांनी जून भेंडी आणली. रमाबाईंनी एक भेंडी मोडून पाहिली आणि म्हणाल्या, "असू दे. शिकेल हळूहळू."