पंपाचा वरचा नट

मी एक नट बोलतोय. रिसोडजवळच्या एका मळ्यात विहिरीवर पंप आहे. त्याच्या पाइपाच्या जोडाला चार नट होते, त्यातला सगळ्यात वरचा मी. फार काही सांगायचंय असं नाही. लोखंडाला सुख नाही, दुःख नाही. आवळाल तिथे बसायचं, एवढंच आम्हाला ठाऊक.

कुठल्याशा कारखान्यात तापलो, कापला गेलो, पोत्यातून रिसोडच्या दुकानात आलो. तिथून उत्तमरावांनी उचललं. त्यांचा भाजीपाल्याचा मळा. वांगी, मेथी आणि सांबार, म्हणजे इकडची कोथिंबीर. नट आवळताना त्यांनी अंगातलं सगळं बळ लावलं. बायको अंजना पाइप धरून उभी होती.

"किती आवळता जी? बस झालं ना."

"पाणी गळलं तर तू बोट लावून बसशीन काय?"

अंजना हसली. ते ऐकून मला काही वाटलं नाही, पण लक्षात राहिलं.

दर दसऱ्याला पंपाची पूजा. मी वर, म्हणून हळद-कुंकवाचं बोट मला. नारळ फुटला की पाणी पहिलं माझ्या डोक्यावर. ते पुसायचं नाही, देवाचं असतं. खालच्या तिघांपेक्षा मान मला जास्त, आणि गंजही मलाच जास्त. नारळाच्या पाण्याने लोखंड सडतं हे कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं. बोलून चालून पूजा ती, तिच्यापुढे माझं काय चालणार?

मागच्या पौषात उत्तमराव मळ्यातच बसल्या जागी गेले. अंजनाने तेरवी केली, भाजी घेऊन बाजाराला जाऊ लागली. जेवते, निजते, विचारलं तर उत्तर देते. लोक म्हणाले, बाई खंबीर आहे. मी रोज समोर होतो. ती खंबीर वगैरे नव्हती, बधिर झाली होती. दुसऱ्या कशात नाही, पण बधिरपणात मी जाणकार आहे.

चैत्रात पंप पाणी ओढेना. आत कचरा अडकला होता. जोड खोलल्याशिवाय इलाज नव्हता. वांग्यांनी माना टाकल्या होत्या. जगदेव मिस्त्रीने पाना लावून पाहिला, आम्ही चौघेही ढिम्म. पंप बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा. छिन्नी मारली आणि तडा गेला तर पंपही जाणार आणि मळाही.

मग निघाली तेलं. अंजनाचा मुलगा स्वप्निल दुकानातून गंज सोडवायच्या स्प्रेचा डबा घेऊन आला. जगदेवने थिनरमध्ये गियर ऑइल कालवलं. अंजना म्हणाली, घरात डिझेल आहे, तेही लावून पाहा. भांडण नको म्हणून प्रत्येकाला एकेक नट दिला. डाव्याला डिझेल, उजव्याला स्प्रे, खालच्याला जगदेवचं मिश्रण. व्यक्ती तितक्या प्रकृती, तशी माणसं तितकी तेलं.

दुसऱ्या दिवशी खालचा नट पहिल्याच झटक्याला सुटला. उजवा कुरकुरत सुटला. डाव्याला डिझेल पाजून बराच वेळ ठोकावं लागलं, तेव्हा कुठे हलला. जगदेव मिशीत हसला आणि आपली बाटली घेऊन माझ्याकडे वळला.

"याले हात नका लावू," अंजना म्हणाली.

"काहून, आई?" स्वप्निलने विचारलं.

"तुह्या बाबानं आवळला तो."

"चारही त्यायनंच आवळले ना?"

"हा शेवटी आवळला. मी पाइप धरून होती." ती जमिनीकडे पाहत म्हणाली, "कपडे वाटले, खाट देल्ली. त्यायच्या हाताचं एवढंच राह्यलं."

एका नटावर जोड अडून राहिला होता. स्वप्निल वांग्यांकडे पाहू लागला आणि मग त्याने छिन्नी उचलली. चिडून नाही, नाइलाजाने.

अंजनाने ती त्याच्या हातातून काढून घेतली. जगदेवची बाटली मागितली. माझ्या आट्यांवर, म्हणजे पेचाच्या खाचांवर, थेंब थेंब सोडत ती बसून राहिली, ऊन डोक्यावरून कलेपर्यंत. मग पाना स्वतः धरला. कट्‌ असा आवाज झाला.

"तुटला काय?" तिने विचारलं.

"नाई काकू, सुटला," जगदेव म्हणाला.

तिने पाना बराच वेळ सोडला नाही. मला काही दुखलं नाही. एवढी वर्षं ज्या हाताचं बळ अंगात धरून होतो ते निघून गेलं, एवढंच कळलं.

आता मी मोटारीच्या खोलीत, वाकड्या खिळ्यांच्या डब्यात असतो. माझे आटे गेलेत, पुन्हा कामाचा नाही. तक्रार नाही. पंप चालू आहे. पण तुम्ही कधी काही आवळायला बसलात, तर त्या दिवशी मी डब्यातून जे पाहिलं-ऐकलं ते ऐकून ठेवा.

कचरा काढून जोड परत बसवत होते. तीन नवे नट स्वप्निलने लावले. वरचा अंजनाने घेतला आणि उत्तमरावांसारखं दात-ओठ खाऊन आवळू लागली. आवळता आवळता थांबली. आट्यांना जगदेवचं तेल लावलं, आणि नट अर्धा वेढा मागे फिरवला.

"आई, ढिला राहीन ना तो," स्वप्निल म्हणाला.

"राहू दे. गळलं तर पाहू," ती म्हणाली. "माह्या मागं तुले खोलता आला पाह्यजे."