दंडावरचा पट्टा

मित्रांनो, तुम्ही मला पाहिलेत तर वळकटी बांधायचा जुना पट्टा म्हणाल आणि पुढे जाल. तुमचे काही चुकत नाही. डिलाईल रोडच्या एका चाळीत, माळ्यावरच्या वळकटीला मी वर्षानुवर्षे मिठी मारून बसलो आहे. माझे कातडे कडक झाले आहे, पितळी हूक हिरवा पडला आहे आणि माझे एक टोक तोकडे आहे. ते झिजून तुटलेले नाही. ते कापलेले आहे, आणि ज्याने मला घडवले त्यानेच ते कापले. ते का, हे सांगायला आज मी तोंड उघडतो आहे.

माझा जन्म लालबागच्या नाक्यावर, कुशाबांच्या टपरीत झाला. कुशाबा चपला शिवत, आणि गिरण्यांतल्या यंत्रांचे पट्टेही त्यांच्याकडे दुरुस्तीला येत. तशाच जाड, चिवट कातड्यातून त्यांनी मला काढले. मला बनवून घेणारा होता जयवंत घाडी, मूळचा कुडाळकडचा, मुंबईत पोलीस शिपाई. "बंदुकीचा पट्टा हवा," तो म्हणाला, "पण खांद्याला अडकवायचा नाही, दंडात घालायचा." कुशाबांनी चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिले. तेव्हा जयवंताने समजावून सांगितले की, नेमबाजीच्या स्पर्धेत पट्ट्याचा फास दंडावर घट्ट आवळतात. मग हात आणि बंदूक एक होतात आणि नळी हलत नाही.

कुशाबांनी दंडाला दोरी गुंडाळून माप घेतले आणि ते गालात हसले. "अवो, नाडी उडतीया तुमची. ही बगा, दोरी हालतीया."

"ती शांत करायला शिकलोय मी," जयवंत म्हणाला.

तर अशी माझी पहिली ओळख झाली ती त्या नाडीशी. तिच्याएवढे मी कोणालाच ओळखत नाही. डोंगराच्या पायथ्याशी चांदमारीचे, म्हणजे नेमबाजीच्या सरावाचे, मैदान होते. तिथे जयवंत गुडघा टेकून बसायचा, मला दंडावर चढवायचा आणि अर्धा श्वास सोडून थांबायचा. मग नाडीचे ठोके संथ होत जायचे आणि दोन ठोक्यांच्या मधल्या शांततेत तो समोरच्या कागदी निशाणावर चाप दाबायचा. कधी नेम बसला नाही, तर तो बंदूक खाली उतरवायचा, दोन-चार श्वास घ्यायचा आणि पुन्हा उचलायचा. स्पर्धेत त्याला कोणी घाई करत नसे.

एका वर्षी त्याने पोलिसांच्या स्पर्धेत चांदीची ढाल जिंकली. फोटो निघाला. एक हार जयवंताच्या गळ्यात पडला आणि दुसरा बंदुकीच्या नळीला. बंदूकबाई मुळातच मिजासखोर, त्या दिवशी तर त्यांनी माझ्याकडे ढुंकूनही पाहिले नाही. मी मात्र फोटोत जयवंताच्या कोपराआड गेलो. मला वाईट वाटले, खोटे कशाला बोलू? पण जयवंत दर रात्री मला घरी नेऊन तेल लावायचा, बंदुकीला तो मान नव्हता.

ढाल मिळाल्यावर जयवंताच्या डोक्यात एक गोष्ट पक्की बसली. नव्या शिपायांना बंदूक शिकवायला जमादार कोंडीराम होते, लढाई पाहिलेले. जयवंत त्यांच्याशी वाद घाली. "जमादार, रिक्रूट पोरांना स्पर्धेसारखं शिकवा. ज्याचा नेम इथं बसला, त्याचा रस्त्यावरही बसणार. हात तोच, बंदूक तीच."

कोंडीराम तंबाखू मळत म्हणत, "कागद तुझ्याकडं बघत नाही, घाडी. माणूस बघतो."

जयवंत हसण्यावारी नेई. त्यांचे फौजदारसाहेब मात्र जयवंताच्या बाजूचे होते. ते शिकलेले होते आणि मनाने वाईट नव्हते. त्यांना वाटे की, प्रत्येक तुकडीत असा एक नेमबाज असला तर दंगलीत अंदाधुंद गोळीबार करावाच लागणार नाही. एकाच्या पायात एक गोळी मारली की जमाव पांगेल आणि कोणाचा जीव जाणार नाही. मलाही ते पटत असे. आपल्यामुळे माणसे वाचणार, हे ऐकायला कोणाला आवडणार नाही?

मग १९५६ चा जानेवारी आला. मुंबई महाराष्ट्राला मिळणार नाही, असे रेडिओवरून जाहीर झाले आणि सारे गिरणगाव रस्त्यावर उतरले. गिरण्यांचे भोंगे थांबले. रस्त्यांत पिंपे आडवी पडली. जयवंताला घरी निरोप आला तेव्हा मी तेल पिऊन खुंटीवर लटकत होतो. त्याची बायको बकुळा दारात उभी राहिली.

"लालबागाक धाडतत तुमका?" तिने विचारले. "माझो भाव थंयच रवता."

"माका ठावक आसा."

"मगे?"

"मगे काय, हुकूम आसा." त्याने खुंटीवरून मला काढले आणि खिशात कोंबले. खिशात अंधार होता, पण त्याच्या मांडीचे स्नायू ताठ झालेले मला कळत होते.

बंदूक हातात मिळताच त्याने सवयीने मला तिला जोडले. आम्ही लालबागच्या नाक्यावर उतरलो. माझ्या जन्माची ती जागा मी लगेच ओळखली. कुशाबांची टपरी बंद होती, तिच्यावर गोणपाट टाकलेले होते. सगळी दुकाने बंद होती. रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला माणसांची भिंत उभी होती आणि तिच्यातून दगड येत होते. लाठ्या घेऊन पुढे गेलेली तुकडी मागे हटली होती. एका शिपायाच्या कपाळातून रक्त वाहत होते आणि तो ते बाहीने पुसत उभा होता. परळच्या बाजूने बंदुकांचे आवाज ऐकू आले.

डावीकडच्या चाळीच्या पहिल्या मजल्यावर, लाकडी सज्जात एक माणूस उभा होता. हातात पत्र्याचा कर्णा होता. तो कर्ण्यातून ओरडला की खालून दगडांचा मारा वाढे. तो काय बोलत होता ते त्या गदारोळात कोणालाच कळत नव्हते. फौजदारसाहेबांनी त्याच्याकडे पाहिले, मग जयवंताकडे पाहिले. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता.

ते जयवंताजवळ येऊन हळू आवाजात म्हणाले, "घाडी, मला आता गोळीबाराचा हुकूम द्यावा लागेल. या सगळ्यांना दिला तर ते कुठं मारतील, काही सांगता येत नाही. तू एकच गोळी झाड. त्या कर्णेवाल्याच्या गुडघ्यात. बाकीचे पळतील, आणि मरणार कोणी नाही. तुला जमेल ना?"

"जमेल, साहेब," जयवंत म्हणाला. आणि मित्रांनो, तो मनापासून म्हणाला. त्याने गुडघा टेकला आणि मला दंडावर चढवून घट्ट आवळले.

मी घाबरलो. हा माझ्या ओळखीचा दंड नव्हताच. नाडी अशी धडधडत होती की फास आतून कोणी ठोसे मारावे तसा हलत होता. चांदमारीवर मी हात आणि बंदूक एक करत होतो. आता मी त्याच्या छातीतली सगळी धडधड बंदुकीत पोहोचवत होतो. प्रत्येक ठोक्याला नळी उडत होती. मी तिला स्थिर करायला जन्मलो होतो, आणि मीच तिला हलवत होतो.

जयवंताने अर्धा श्वास सोडला. दोन ठोक्यांच्या मधल्या शांततेची वाट पाहिली. ती आलीच नाही. नळीच्या टोकावरची माशी, म्हणजे नेम धरायची खूण, गुडघ्यावर आली, तिथून पोटावर चढली, तिथून बाजूला सरकली. बाजूला एक बाई त्या माणसाचा सदरा धरून त्याला आत ओढत होती. माशी तिच्या कपाळावर गेली आणि पुन्हा खाली आली. अंतर चांदमारीपेक्षा कितीतरी कमी होते. तरी गुडघा सापडत नव्हता.

एवढ्यात त्या माणसाला बंदूक दिसली. त्याने कर्णा खाली घेतला आणि सरळ जयवंताकडे पाहिले.

"झाड," फौजदारसाहेब म्हणाले.

चापावरचे बोट दाबले जाऊ लागले की दंडाचा स्नायू आवळतो. तो आवळला. मला ते जाणवले, आणि तेवढे माझ्याखेरीज कोणालाच जाणवले नाही. आणखी केसभर दाब पडला असता तर गोळी सुटली असती. मग स्नायू सैल पडला आणि बंदूक खाली आली.

"साहेब, नेम बसत नाही."

"काय?"

"गुडघा सापडत नाही. झाडली तर कुणालाही लागेल."

"अरे, ढाल जिंकलीस ना तू?"

"कागदावर जिंकली, साहेब."

फौजदारसाहेबांनी शेजारच्या शिपायाकडे मान वळवली. त्याला हुकूम देण्याआधीच सज्जातल्या बाईने त्या माणसाला आत खेचले आणि दार लावून घेतले. सज्जा रिकामा झाला. तेवढ्यात मागून जादा कुमक घेऊन गाडी आली आणि जमाव गल्ल्यांतून पांगला. त्या नाक्यावर त्या दिवशी गोळी सुटली नाही. इतर ठिकाणी सुटल्या. त्या दिवसांत घरी न परतलेल्या माणसांची आठवण तुमच्या घरातल्या मोठ्यांना विचारा.

जयवंताला त्यानंतर दोन्हीकडच्यांनी सुखाने राहू दिले नाही. पोलीस लायनीत त्याला भित्रा म्हणू लागले आणि स्पर्धेच्या संघातून त्याचे नाव निघाले. उलट बकुळेचा भाऊ राजाराम पेढे घेऊन आला. "भावजी, तुमी आमचे, आज सगळ्यांका कळला," तो म्हणाला. जयवंताने पेढा घेतला नाही. मी खुंटीवरून पाहत होतो. तो भित्रा नव्हता आणि त्याने कोणावर दयाही केली नव्हती. त्याचा नेम बसला नव्हता, एवढीच गोष्ट होती, आणि ती कोणालाच ऐकायची नव्हती.

एकाला मात्र ऐकायची होती. कोंडीराम जमादारांनी त्याला बोलावून सगळे विचारले आणि मग नव्या शिपायांपुढे उभे केले. जयवंत मैदानाला फेऱ्या मारत पळाला. धापा टाकत आला, तसा जमादारांनी चार शिपायांना त्याच्या कानाशी पत्रे बडवायला लावले. त्या गोंगाटात ढाल जिंकलेल्या जयवंताने मला दंडावर आवळून गोळी झाडली. कागद कोरा राहिला. कोणी हसले नाही. मग त्यांच्यातल्या चांगल्या नेमबाजांनाही तसेच पळवले आणि त्यांचेही कागद कोरे राहिले.

"स्पर्धेतलं काय रस्त्यावर येतं, तर फार थोडं," जयवंत पोरांना म्हणाला. "माझा नेम आला नाही. नेम बसला नाही तर बंदूक उतरवायची, ही सवय तेवढी आली." त्या दिवसापासून कोंडीराम पोरांकडून बंदूक उचलण्याइतकीच ती उतरवण्याचीही कवायत करून घेऊ लागले.

त्या ओढाताणीत माझ्या फासाची शिवण उसवली. जयवंत साध्या कपड्यांत कुशाबांकडे गेला. कुशाबांनी मला ओळखले, पण हात लावला नाही.

"पोलिसाचं काम करीत न्हाई आता," ते म्हणाले. जयवंत उभाच राहिला. थोड्या वेळाने कुशाबांनी मान वर केली. "त्या दिशी तुमीच व्हता न्हवं हितं? लोक म्हन्त्यात, तुमी गोळी झाडली न्हाई."

"नेम बसला नाही, म्हणून नाही झाडली."

"आन् बसला असता तर?"

मला वाटले, आता तो काहीतरी बरे बोलेल. एक शब्द बोलला असता तरी कुशाबांनी मला हसत शिवून दिले असते. जयवंत बराच वेळ रस्त्यापलीकडच्या सज्जाकडे पाहत राहिला.

"तर झाडली असती, कुशाबा," तो म्हणाला.

कुशाबांनी हात पुढे करून मला घेतले. कातडे कापायची रापी उचलली आणि माझा फास मुळापासून कापून टाकला. मला दुखले, पण तक्रार करावीशी वाटली नाही. मग कुशाबांनी दुरुस्तीच्या ढिगातून एक चप्पल काढली. तिचा अंगठा तुटलेला होता.

"त्या सज्जातल्या रघूची हाय," ते म्हणाले. "बायकोनं आत वढला तवा तुटली." आणि माझ्या कापलेल्या तुकड्यातून त्यांनी त्या चपलेला नवा अंगठा घातला, चांगला दुहेरी शिवून. उरलेल्या मला त्यांनी जयवंताच्या हातात ठेवले आणि ते म्हणाले, "ह्यानं आता वळकटी बांदा."

जयवंताने आयुष्यभर माझ्याने वळकटीच बांधली. तो गेला, बकुळा लेकाकडे डिलाईल रोडला राहायला आली आणि तिच्या सामानाबरोबर मी या माळ्यावर आलो. आता मला कोणी तेल लावत नाही. कातड्याला तेल नसले की ते तडकते, तसा मी तडकतो आहे.

मित्रांनो, माझी एक विनंती आहे. कधी माळा आवरताना मी तुमच्या हाती लागलो, तर काचेच्या कपाटात ठेवू नका, आणि पुन्हा कोणत्याही बंदुकीला तर नकोच. माझा एक तुकडा रघूच्या पायात गेला. ज्या पायावर मी बंदूक धरली होती, त्याच पायाखाली तो लालबागभर चालला आणि चालून चालून झिजून गेला असेल. मला त्याचा हेवा वाटतो. तुमच्या घरात कोणाची चप्पल तुटली असेल, तर माझ्यातले हवे तेवढे कातडे कापून घ्या.