अनवाणी लोकांची नोंद

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे. केंद्रीय पोलीस खात्याच्या नोंदणी कक्षात मी एकतीस वर्षं काढली. पडदा काळा, अक्षरं हिरवी आणि सुरू व्हायला चांगली पंधरा मिनिटं. तेवढ्यात लोक चहा पिऊन यायचे आणि वर मलाच नावं ठेवायचे. ठेवोत बापडे. देशभरातली अटक वॉरंटं माझ्याच पोटात होती.

मला बनवणाऱ्यांनी एक घोळ घातला होता. वॉरंट नोंदवायची सोय दिली, रद्द करायची दिलीच नाही. ते पुसायला मुख्यालयाची परवानगी लागे आणि ती यायला सहा-सहा महिने. तोवर निर्दोष माणसाने करायचं काय? आमच्या नोंदणीच्या बाईंनी युक्ती काढली. आरोपीच्या वर्णनात पायातल्या चपला-बुटांचा एक रकाना होता. तो कोणीच भरत नसे. वॉरंट रद्द झालं की बाई त्यात 'अनवाणी' लिहीत आणि पुढे कोर्टाच्या आदेशाचा क्रमांक. 'अनवाणी' दिसलं की माणसाला सोडायचं. ही रीत तोंडोतोंडी सगळ्या शाखांत पसरली आणि परवानगी मागायचं लोक विसरूनच गेले. कागदावर मात्र ती कोणी उतरवली नाही.

बाई निवृत्त झाल्या. मग नवी यंत्रणा आली. ती बसवणारी इंजिनिअर कामाला वाघ होती. माझी सगळी माहिती तिने चार दिवसांत उचलली. चपलांचा रकाना पाहून ती हसली. "माणूस काय जन्मभर एकच बूट घालतो?" असं म्हणून तिने तो गाळला. माझ्या वायरी काढल्या आणि मला भंगाराच्या ढिगात ठेवलं.

आठवड्याच्या आत दुधाच्या टँकरचा एक चालक नाक्यावर पकडला गेला. आठ वर्षांपूर्वी साक्षीदाराने चुकून त्याला ओळखलं होतं. कोर्टाने ते वॉरंट तेव्हाच रद्द केलं होतं. नव्या पडद्यावर मात्र ते जिवंत होतं. संध्याकाळी त्याला दूरच्या तुरुंगात हलवणार होते. कोर्टातून आदेशाची नक्कल मिळायला पंधरा दिवस लागणार होते. त्याची बायको सकाळपासून कक्षाच्या दारात उभी होती.

"इथल्या बाईंनी मला सांगितलं होतं, आता निर्धास्त राहा म्हणून," ती पुन्हा पुन्हा सांगत होती. "त्यांना तरी विचारा."

इंजिनिअरने बाईंना फोन लावला.

"अगं, चपलांचा रकाना बघ ना," बाई म्हणाल्या.

"तो मी काढून टाकला," इंजिनिअर म्हणाली. तिचा चेहरा पडला होता.

बाई तासाभरात आल्या. भंगारवाला मला उचलायलाच आला होता. त्याला थांबवून बाईंनी मला टेबलावर घेतलं, वायरी जोडल्या. माझी ती पंधरा मिनिटं! आयुष्यात पहिल्यांदा मला स्वतःच्या संथपणाची लाज वाटली. मग हिरवी अक्षरं उमटली. अनवाणी. आदेश क्रमांक. तारीख.

चालक सुटला. बायको त्याचा हात धरून घरी निघाली.

"बाई, अशी आणखी चारशे अकरा माणसं आहेत," माझ्यात 'अनवाणी' शोधून इंजिनिअर हळूच म्हणाली.

"मग बस माझ्याजवळ," बाई म्हणाल्या.

रद्द झालेली वॉरंटं आदेश क्रमांकासह नव्या यंत्रणेत उतरवत दोघी नऊ दिवस माझ्यासमोर बसल्या. शेवटचं नाव तपासून झाल्यावर बाईंनीच मला बंद केलं.

मित्रांनो, जुनं यंत्र जरूर बदला. मी खरंच फार हळू चालत होतो. पण त्याच्यापाशी रोज बसणाऱ्या माणसाला आधी बोलवा, खुर्ची द्या आणि विचारा. आमच्या बाई तर दोन गल्ल्या पलीकडेच राहत होत्या.