तिसरं कार्ड

कोशाच्या कचेरीत कायदा एकच होता आणि तो सरांनी केला होता. जुन्या इंग्रजी शब्दाला तीन निरनिराळ्या पुस्तकांतली तीन वाक्यं सापडली, तरच त्याला कोशात जागा. एका वाक्याचं एक कार्ड. दोनच सापडली तर शब्द कितीही गोड असो, त्याची रवानगी बिस्किटांच्या जुन्या डब्यात. त्या डब्याला सगळे स्मशान म्हणत. "दोन साक्षीदार काय, नवरा-बायकोही असू शकतात," सर म्हणायचे. "तिसरा परका हवा."

ही कार्डं बावीस वर्षं एकाच बाईंनी लिहिली. कार्डबाईच म्हणत त्यांना. अक्षर मोत्यासारखं आणि स्वभाव असा, की एखादा स्वल्पविराम इकडचा तिकडे झाला तर जेवण जायचं नाही. सरांची दृष्टी गेली त्याला चार वर्षं झाली होती. तेव्हापासून छपाईआधी प्रत्येक कार्ड बाई मोठ्याने वाचत आणि सर मान डोलावत. मान डोलली की कार्ड पास. दुसऱ्या कुणाचं वाचन त्यांना खपत नसे. "बाईंनी वाचलं की मला पान दिसतं," असं ते आल्यागेल्याला सांगत, आणि बाई उगाचच पंख्याकडे बघत.

त्या मंगळवारी 'डब्ल्यू'च्या कार्डांचा खण बाहेर आला. शुक्रवारी कोश छापखान्यात जायचा होता. बाई तो खण सकाळपासून टाळत होत्या, कारण त्यात 'वॅनहोप' होता.

वॅनहोप म्हणजे नुसती निराशा नव्हे. जुन्या धार्मिक लिखाणात तो पापांत मोजलेला आढळतो, देवाच्या दयेवरचासुद्धा भरवसा सुटणं. आठ वर्षांपूर्वी बाईंची लेक भांडून घराबाहेर पडली, पुन्हा ना फोन ना पत्र. नेमका त्याच वर्षी हा शब्द त्यांच्या हाती आला. कार्डं दोनच सापडली. महिनाभर शोधूनही तिसरं मिळेना, आणि डब्यात टाकायला हात धजेना. आपल्याला जे झालंय त्याला जगात नाव आहे, आणि ते आपणच स्मशानात टाकायचं? शेवटी बाईंनी तिसरं वाक्य स्वतःच रचलं, जुन्या वळणाचं, जुन्या स्पेलिंगचं. वरच्या फळीवर प्रवचनांचं एक जाडजूड पुस्तक होतं, त्याच्या नावावर ते खपवून दिलं. त्या पुस्तकावरची धूळसुद्धा कुणी झटकत नसे. मांजर डोळे मिटून दूध पितं, तसाच हा प्रकार.

"वाचा," सर म्हणाले.

पहिलं वाचलं, मान डोलली. दुसरं वाचलं, मान डोलली. मग तिसरं वाचलं. त्या इंग्रजी वाक्याचा अर्थ असा होता: 'दाराची कडी मी काढून ठेवली होती, एवढीच काय ती माझी आशा. काल वॅनहोप आला आणि त्याने ती आतून लावून घेतली.'

सर म्हणाले, "वा! तिन्हींत वाक्य म्हणजे हे. हे पहिलं घ्या."

क्षणभर बाईंना बरं वाटलं, आणि बरं वाटल्याची लगेच लाज वाटली.

"पुस्तक काढा हो जरा," सर पुढे सरसावून म्हणाले. "या माणसाचं पुढे काय झालं ते ऐकू या. कुणी आलं का त्याच्याकडे?"

बाई स्टुलावर चढल्या. पुस्तक उतरवलं, पदराने पुसलं, मधलंच कुठलंतरी पान उघडलं. पुढचं वाक्य रचणं मुळीच अवघड नव्हतं. ते जिभेवर तयारच होतं, आठ वर्षं त्या दुसरं काय जगत होत्या? आणि सरांना दिसणार तरी काय होतं? पण समोरचा म्हातारा कान देऊन बसला होता. एवढ्या विश्वासाने बसलेल्या आंधळ्या माणसाला फसवणं बाईंना जमलं नाही.

"सर, हे वाक्य यात नाही. मी लिहिलंय ते."

"तुम्ही?"

"लेक गेली त्या वर्षी. एवढं एकच, सर. तिची शपथ."

सरांनी चष्मा काढला. दिसत नसूनही ते तो घालत. "शितावरून भाताची परीक्षा करतात, बाई. तुमची एकूण कार्डं किती?"

"अकरा हजार."

"सगळी परत पुस्तकांशी ताडायला हवीत."

"हो."

"आणि मला वाचून कोण दाखवणार?"

बाईंनी हातातलं पुस्तक मिटलं.

सरांनी स्वतःच छापखान्याला फोन लावून शुक्रवार रद्द केला. तिन्ही कार्डं डब्यात गेली. बाईंनीच झाकण लावलं. आपल्याला आता घरी पाठवतील असं त्यांना वाटत होतं, पाठवलं असतं तर बरंच झालं असतं. पण सर म्हणाले, "'ए'चा पहिला खण काढा."

बाईंनी खण काढला, पहिलं कार्ड घेतलं, त्याचं पुस्तक शोधून आणलं.

"ते इकडे द्या." सरांनी पुस्तक मांडीवर उघडं धरलं. "कुठली ओळ?"

बाईंनी त्यांचं बोट धरून ओळीवर नेऊन ठेवलं. सरांनी ते तिथे घट्ट दाबून धरलं.

"हं. वाचा."

बाईंनी वाचलं. शब्द न् शब्द खरा होता. सरांनी मान डोलावली नाही.