दशरथभाऊंचा टेम्पो समुद्रावर जातो

ठण्, ठण्, ठण्. पत्र्यावर हातोडी पडायचा हा आवाज मी पहिल्यांदा ऐकला, तेव्हा मला दिवेसुद्धा बसवलेले नव्हते. कारखान्यातून मी नुसता सांगाडा होऊन आलो होतो. चार चाकं, इंजिन आणि वर मोकळं आभाळ. शहराबाहेरच्या एका शेडमध्ये एक माणूस माझ्या अंगावर पत्रा चढवत होता. घाव घालायच्या आधी तो त्या जागेवरून तळहात फिरवायचा, जसं लेकराला टोचायच्या आधी दंड चोळतात तसं. त्याचं नाव मकबूल. राहायला कसबा पेठेत.

मी एक टेम्पो बोलतोय. सामानाचा नव्हे, माणसांचा. दोन्ही बाजूंना सरकत्या काचांच्या खिडक्या, आत बाकड्यांच्या रांगा आणि डाव्या अंगाला एक जड दार. आता वय झालंय, बोलायला वेळ लागतो. तुम्हाला घाई नसेल तर ऐका.

अंगावर रंग चढला आणि एका ठेकेदाराने मला नेलं. त्या दिवसांत हिंजवडीला नुकत्याच काचेच्या इमारती उभ्या राहायला लागल्या होत्या. आजूबाजूला अजून उसाचे फड होते. संध्याकाळी बैलगाडी पुढे असली की कंपनीच्या सगळ्या गाड्या तिच्या मागून मुकाट चालायच्या. शहरातून पोरापोरींना तिकडे न्यायचं आणि परत आणायचं, एवढंच माझं काम.

माझ्या स्टिअरिंगवर बसले दशरथभाऊ. अंगाने किरकोळ, इस्त्रीचा खाकी शर्ट, गाडी सुरू करण्याआधी समोरच्या छोट्या बुद्धमूर्तीला हात जोडायचे. बोलणं कमी. त्यांचा नियम ठरलेला होता. थांब्यावर आलं की दोन हॉर्न. मग माणसं चढायची. शेवटचा माणूस दार धाडकन ओढायचा. दार वाजलं की भाऊ गिअर टाकायचे. मागे वळून कधी बघायचे नाहीत. "दार वाजलं म्हणजे माणूस आला," असं ते नव्या पोरांना सांगायचे. "आणि नाही आला तर त्याने रिक्षा करावी."

पोरं सुरुवातीला फार बोलायची. डबे उघडायची, साहेबाची नक्कल करायची, गाणी म्हणायची. पुढे त्यांच्या हातात मोबाइल आले, मग कानात वायरी आल्या, आणि मी भरलेला असूनही माझ्या आत कोणी नसल्यासारखं वाटायला लागलं. झोपायची मात्र सगळी सारखीच. तोंड उघडं, डोकं काचेवर. काचेवर तेलाचे गोल डाग पडायचे. भाऊ सुटीच्या दिवशी ते कागदाने पुसायचे.

भाऊंच्या घरी नंदावहिनी. कुंभारवेशीजवळच्या एका जुन्या इमारतीत वरच्या मजल्यावर त्यांची खोली. वहिनी एका दवाखान्यात आया होत्या, कायमच्या रात्रपाळीला. त्या सकाळी घरी यायच्या, तेव्हा भाऊ मला काढायला निघालेले असायचे. वहिनी एकदा शेजारणीला हसत म्हणाल्या होत्या, "आमचा सगळा संसार जिन्यात झाला बघा. हे उतरतायत, मी चढतेय. तिथेच किल्ली द्यायची, तिथेच भाजी काय केलीय ते सांगायचं. दोन पोरं कशी झाली ते माझं मलाच कळलं नाही."

दोन पोरं शिकली. थोरला बुद्धभूषण हिंजवडीत लागला, धाकटी पायल खराडीत. दोघांची लग्नं झाली, दोघांनी फ्लॅट घेतले, दोघांना लेकरं झाली.

भाऊ निवृत्त झाले त्याच सुमाराला ठेकेदाराने मला भंगारात काढायचं ठरवलं. भाऊंनी मला मागून घेतलं आणि थेट मकबूलमियांच्या दारात आणून उभं केलं.

"याचं घर करून द्या," भाऊ म्हणाले.

मकबूलमियांची दाढी पांढरी झाली होती. त्यांनी माझ्या पत्र्यावरून पुन्हा तसाच हात फिरवला. "घर? तुम्हाला घर नाही होय, दशरथभाऊ?"

"नंदाला समुद्र दाखवायचाय. लॉजवर तिला झोप येत नाही म्हणते."

"आणि टेम्पोत येईल?"

"माझ्या गाडीत सगळ्यांनाच झोप येते," भाऊ म्हणाले. मकबूलमिया हसून हसून खाली बसले.

माझी बाकडी निघाली. तिथे एक पलंग आला, खाली भांड्यांचे कप्पे, कोपऱ्यात शेगडी, छताला पंखा. वहिनींची सकाळी झोपायची सवय आयुष्यभराची. उजेड लागू नये म्हणून ड्रायव्हरच्या पाठीमागे जाड निळा पडदा लावला. पडदा सुगराबीने, म्हणजे मकबूलमियांच्या बायकोने शिवला आणि त्याला खाली जरीची किनार लावली. "तेवढाच थाट," ती म्हणाली.

या सहलीमागे एक गोष्ट होती, ती सगळ्यांना ठाऊक होती आणि कोणी बोलत नव्हतं. पोरांनी आईबापांची वाटणी केली होती. वाईट मनाने नव्हे. पायलला नोकरीवर परत जायचं होतं, तिचं बाळ लहान होतं, तेव्हा आई खराडीला. भूषणच्या मुलाला शाळेच्या बसला सोडायला कोणीतरी हवं होतं, तेव्हा बाबा हिंजवडीला. शहराची ही दोन टोकं. मी ते अंतर चाकांनी मोजलेलं आहे, संध्याकाळी तिकडून इकडे यायचं म्हणजे माणूस म्हातारा होतो. त्याआधी दोघांनी थोडे दिवस फिरून यावं, असं ठरलं. भाऊंनी पोरांसमोर मान डोलावली होती. वहिनींनी भाऊंकडे बघितलं होतं आणि मग त्यांनीही डोलावली होती.

थंडीचे दिवस होते. ताम्हिणी घाट उतरून आम्ही दिवेआगरला आलो आणि मला आयुष्यात पहिल्यांदा समुद्र दिसला. सुरूच्या झाडांखाली मला उभं केलं. वहिनी वाळूत पाय पसरून बसल्या. भाऊ त्यांच्या शेजारी, पण मध्ये दोन माणसं बसतील एवढी जागा सोडून.

सहलीतही त्यांचं तेच चाललं होतं. पहाटे भाऊ उठून मला सुरू करायचे, तेव्हा वहिनी पडद्याआड झोपायला जायच्या. संध्याकाळी वहिनींना तरतरी यायची, तेव्हा भाऊ बसल्या जागी पेंगायचे. वहिनी स्वतःशीच म्हणायच्या, "इथे जिनासुद्धा नाही."

शेखाडीच्या पुढे रस्ता अगदी समुद्राला लागून जातो. तिथे सरुबाईची चहाची टपरी होती. भाऊंनी सकाळी चहा घेतला, टायर बघितले, समुद्राकडे तोंड करून जरा उभे राहिले. वहिनी मागे चढल्या, शाल घेतली, रिकामा थर्मास घेतला, खाली उतरल्या आणि सवयीप्रमाणे दार धाडकन लावलं. त्या टपरीच्या मागे गेल्या, चहा भरून घ्यायला.

दार वाजलं. भाऊ स्टिअरिंगवर बसले, दोन हॉर्न दिले आणि गिअर टाकला.

मला कळलं होतं. माणसाचं वजन मला कळतं. मी माझ्या परीने गचके दिले, चढावर मुद्दाम धापा टाकल्या. भाऊ म्हणाले, "डिझेलमध्ये कचरा आलाय वाटतं." ते मागे बघतील ही आशाच नव्हती.

थोडं पुढे गेल्यावर उजव्या हाताला सगळं पाणी उन्हाने चमकायला लागलं, आणि भाऊ बोलायला लागले.

"नंदा, झोपलीस का? झोप. उठू नको. तू जागी असलीस की मला बोलायला होत नाही."

मी हळू झालो. ती ऐकण्याची हाव होती, खोटं कशाला बोलू?

"पोरांनी विचारलं तेव्हा मी मान डोलावली. मला वाटलं, तू नाही म्हणशील. तू माझ्याकडे बघितलंस आणि तूही डोलावलीस. म्हटलं, हिला लेकीकडे जायचं असेल."

एक वळण गेलं. भाऊंनी आरसा जरा खाली केला.

"जिन्यात तू भेटायचीस ना, तेव्हा तुझ्या पदराला दवाखान्यातल्या फिनेलचा वास यायचा. लोकांना तो वास नको वाटतो. मला तो आल्याशिवाय गाडी काढवायची नाही. तुला यायला उशीर झाला तर मी खालच्या पायरीवर बुटाची नाडी बांधत बसायचो. सुटलेली नसली तरी. थांब्यावरची पोरं म्हणायची, भाऊ, आज तुम्ही लेट. मी म्हणायचो, सिग्नल लागला."

मग चढ लागला, भाऊंनी गिअर बदलला.

"तू नको जाऊस, नंदा. नाहीतर मलाही घेऊन चल. मी बाहेरच्या खोलीत झोपेन. पण संध्याकाळी तू कुठल्या घरात आहेस हे मला फोनवर विचारायला लावू नको."

बागमांडल्याच्या धक्क्यावर फेरीबोट लागलेली होती. भाऊंनी डोळे पुसले, खाली उतरले आणि खुशीत डावीकडचं दार सरकवलं. "उठ, उठ! गाडीसकट बोटीत बसायचंय..."

पलंगावर दुमडलेली चादर होती. आणि चार्जिंगला लावलेला वहिनींचा फोन.

भाऊंचा चेहरा तेव्हा कसा झाला ते मी सांगणार नाही. त्यांनी मला तिथल्या तिथे असा फिरवला की कप्प्यातली भांडी खाली आली. बोटवाला ओरडला, "अहो काका, बोट सुटतेय!" काका निघून गेले होते.

सरुबाईच्या टपरीवर नंदावहिनी लसूण सोलत बसल्या होत्या. शेजारी भरलेला थर्मास.

"आलं गो तुझं वाहन," सरुबाई म्हणाली.

वहिनींनी मान वर केली नाही. "आलात? मला वाटलं कंपनीचा टाइम झाला असेल."

"मी दोन हॉर्न दिले होते," भाऊ म्हणाले. घाबरला माणूस काय बोलेल याचा नेम नसतो.

"हो का! मग मेमो द्या मला."

"दार वाजलं ना, नंदा. मला वाटलं तू झोपलीस."

"आणि एवढ्या वाटेत एकदाही हाक मारावीशी वाटली नाही?"

"बोलत होतो की."

"कोणाशी?"

भाऊंनी तोंड उघडलं. टपरीवर दोन कोळी बसले होते, सरुबाई पदर तोंडाला लावून हसत होती. भाऊ जमिनीकडे बघून म्हणाले, "गाडीशी."

सगळे हसले. वहिनीही हसल्या, पण थांबल्या. हातातला लसूण त्यांनी सरुबाईच्या सुपात टाकला आणि हळूच म्हणाल्या, "बरं झालं कळलं. मी नसले तरी तुमचं चालतं. आता खराडीला जायला जड जाणार नाही."

मी सगळं ऐकलेलं होतं. मला हॉर्न आहे, पण तो दुसऱ्याला दाबावा लागतो.

तिथून पुढे वहिनी भाऊंच्या शेजारच्या सीटवर बसल्या. वेळास बघितलं, आंजर्ल्याला वाळूत चुलीवर मासे भाजले, हर्णैच्या बंदरात होड्या परत येताना बघितल्या. दोघं एकमेकांना जपत होती. भाऊ थर्मासचं झाकण उघडून द्यायचे, वहिनी त्यांच्या कानावरून मफलर नीट करायच्या. पण ती गोष्ट कोणी काढली नाही. परतीच्या घाटात वहिनी बाहेर बघत म्हणाल्या, "छान झाली सहल." भाऊ म्हणाले, "हं."

आता मी नदीकडच्या रस्त्याला, कुंभारवेशीजवळ उभा असतो. चाकांच्या कडांना खारी हवा लागून गंज आलाय. तुमच्याकडे माझं एकच मागणं आहे. गाडी चालवत असाल, तर निघण्याआधी मान वळवून मागे बघत जा. मागे कोण आहे ते आवाजावरून ठरवू नका.

पुढचं आज सकाळचं आहे.

पायल आईला न्यायला आली. गाडी पलीकडे लावून ती वर गेली आणि बॅग घेऊन खाली आली. दमलेली दिसत होती. बाळ रात्री झोपू देत नसेल. मागे न बघताच ती बोलत येत होती, "आई, चल ना गं, आठच्या आत नाही निघालो तर पुलावर अडकू. बाबा, तुम्ही वीकेंडला याच." पण वहिनी तिच्या मागे नव्हत्याच. शाल माझ्यात राहिली म्हणून त्या माझ्याकडे आल्या होत्या. त्यांच्या मागोमाग भाऊही चढले.

वहिनींनी शाल घडी केली. उलगडली. पुन्हा घडी केली.

"काही म्हणायचंय का?" त्यांनी विचारलं.

भाऊंनी पडद्याची किनार बोटांत धरली. "त्या दिवशी मी गाडीशी बोलत नव्हतो."

"मग?"

"तुझ्याशी. तू नव्हतीस."

वहिनी पलंगाच्या कडेला बसल्या. शाल मांडीवर ठेवली. "आता आहे मी. बोला."

समुद्राकाठी भाऊंना किती शब्द सुचले होते. आज नाडीचं आठवलं नाही, फिनेलचं आठवलं नाही. तोंडातून एवढंच आलं, "जाऊ नको. वाटणी नको मला."

वहिनींनी शाल बाजूला ठेवली. मग म्हणाल्या, "हे पोरांसमोर का नाही म्हणालात?"

"तू म्हणशील असं वाटलं."

"मीही त्याचीच वाट बघत होते, अहो." मग लगेच म्हणाल्या, "आणि पायलचं? तिच्या बाळाचं?"

"दोघं जाऊ. दोघं राहू. नाहीतर बाळाला इकडे आणून सोड म्हणावं. मी गाडी घेऊन रोज आणीन, रोज पोचवीन. पण रात्री तू जिथे, तिथे मी."

वहिनींनी हात पुढे केला. भाऊंनी तो धरला, आणि शेजारी बसले. या वेळी मध्ये जागा नव्हती.

पायल माझ्या दारात आली होती. आईला हाक मारायला तिने तोंड उघडलं होतं, आणि ते तसंच राहिलं. दोघांची पाठ तिच्याकडे होती. ती किती वेळ उभी होती कोण जाणे. तिने आईची बॅग माझ्या पायरीवर अलगद टेकवली, आवाज होऊ नये म्हणून खाली हात धरून. पदर नव्हता म्हणून बाहीनेच नाक पुसलं. मग वळली, आणि एकटीच आपल्या गाडीकडे चालत गेली.